फवारणीचा पोशाख आणि घाम

पिकांवर औषध फवारताना संरक्षक पोशाख घालावा, हा सल्ला औषधाच्या प्रत्येक डब्यावर छापलेला असतो आणि प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगितला जातो. तरीही भाद्रपदात कपाशीच्या रानात जाऊन पाहिल्यास पाठीवर पंप घेतलेला मजूर बहुधा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या पायजम्यात आणि अनवाणी दिसतो. हातमोजे घरी खुंटीला असतात. ह्यास अज्ञान अथवा निष्काळजीपणा म्हणण्याची पद्धत आहे. परंतु मजुरास विचारले असता तो सरळ उत्तर देतो, की त्या कपड्यांत जीव घाबरा होतो. हे उत्तर खोटे नाही, आणि ते खोटे समजून दिलेला सल्ला कोणी पाळत नाही.

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढलेली होती, फवारा वर तोंड करून मारावा लागत होता आणि हवा दमट व कोंदट होती. पुष्कळांच्या अंगावर घाम आणि औषध ही दोन्ही एकत्रच निथळत होती. त्या घटनेनंतर हातमोजे, मुखपट्टी व चष्मा ह्यांचे संच अनेक ठिकाणी वाटण्यात आले. त्यांपैकी किती वापरले जातात हे ज्या त्या गावच्या विस्तार कार्यकर्त्याने खुंटीकडे पाहून ठरवावे. पोशाख वापरात यावयाचा असेल तर प्रथम घामाचा विचार केला पाहिजे.

घामाचे काम

शरीर हे एक प्रकारचे इंजिन आहे. खाल्लेल्या अन्नातून जी शक्ती मिळते तिचा फार तर चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामी लागतो, उरलेली सर्व उष्णता होते. भरलेला १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन, एका हाताने दांडा मारीत चिखलातून चालणे हे मध्यम ते जड कष्टाचे काम होय. अशा कामात शरीरात ताशी सुमारे २५० ते ३५० किलोकॅलरी उष्णता उत्पन्न होते. हवा अंगाएवढीच गरम असेल तर ही उष्णता बाहेर टाकण्यास घामावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. घाम येण्याने अंग थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. माठातील पाणी ज्या कारणाने गार पडते तेच हे कारण. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला अर्धा लिटर घाम वाळला की वर सांगितलेली उष्णता निघून जाते आणि माणूस तासन्‌तास काम करू शकतो. परंतु जो घाम वाळत नाही, केवळ टपकतो अथवा कपड्यात मुरून राहतो, तो शरीरातील पाणी व मीठ मात्र नेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. पावसाळी दमट दिवशी थर्मामीटरचा पारा वैशाखापेक्षा खाली असूनही जीव अधिक का कासावीस होतो, त्याचे कारण हेच.

आता अशा माणसाच्या अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट चढविला तर काय होईल? रेनकोट बाहेरचे औषध आत येऊ देत नाही, हे खरे. परंतु आतील वाफही तो बाहेर जाऊ देत नाही. थोड्याच वेळात आतली हवा दमटपणाने भरून जाते आणि घामाचे वाळणे थांबते. साठ किलो वजनाच्या माणसाचे अंग एक अंशाने तापण्यास सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता पुरते. कामात उत्पन्न होणाऱ्या उष्णतेपैकी निम्मी जरी आत कोंडली गेली, तरी अंगाचा ताप साधारण २० मिनिटांत एक अंशाने वाढेल. दोन पंप मारून होण्यापूर्वीच डोके जड होते, छाती धडधडते आणि मजूर कोट काढून बांधावर फेकतो. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारे तज्ज्ञ उष्णता, दमटपणा, ऊन व वारा ह्या सर्वांचा मिळून एक निर्देशांक काढतात. वाफ न जाऊ देणारा संपूर्ण पोशाख घातल्यास त्या निर्देशांकात ११ अंश सेल्सिअस मिळवून हिशेब करावा, असा त्यांचा दंडक आहे. घट्ट विणीच्या साध्या कापडी कपड्यांसाठी काहीच मिळवावे लागत नाही. ह्या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच खुंटीला टांगलेला पोशाख होय.

अग्निशामकांकडून घेण्यासारखे

हीच अडचण अग्निशामक दलाच्या जवानांपुढे अधिक उग्र स्वरूपात उभी असते. त्यांचा कोट तीन थरांचा असतो. बाहेरचा थर सहजी न पेटणाऱ्या ॲरामिड धाग्याचा, आतला थर उष्णता अडविणारा, आणि मधला थर ओलावा रोखणारा. ह्या मधल्या थरात पुष्कळदा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान असल्यामुळे बाहेरचे पाणी आत शिरत नाही, परंतु घामाची वाफ बाहेर पडू शकते. अशा प्रकारचा पापुद्रा १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर ह्यांनी टेफ्लॉन ताणून तयार केला. घाम कोटातच साचून राहिला तर आगीच्या धगीने त्याची वाफ होऊन जवान आतल्या आत भाजू शकतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत घामाचा निचरा ही केवळ सुखसोयीची बाब नाही.

मग तोच पापुद्रा फवारणीच्या पोशाखास का लावू नये? किंमत हे एक कारण झाले. दुसरे असे की, कीटकनाशकांत तेलकट द्रावके आणि औषध पानावर पसरविणारी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि जो पापुद्रा पाणी अडवितो तो अशा द्रवांपुढे दगा देऊ शकतो. परंतु अग्निशामकांकडून घेण्यासारखी गोष्ट पापुद्रा नसून त्यांची कामाची शिस्त ही आहे. इतका महाग कोट असूनही ते त्याच्यावर सर्वस्वी विसंबत नाहीत. हवेच्या एक-दोन नळकांड्या संपल्या की सुव्यवस्थित दलांत जवानास मागे घेतात, कोट उतरवावयास लावतात, सावलीत बसवितात, पाणी पाजतात आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे हात कोपरापर्यंत थंड पाण्यात ठेवतात. हातांतून रक्त भरपूर वाहत असल्याने ह्या उपायाने अंग लवकर निवते. फवारणी करणाऱ्यास हवेची नळकांडी नसते, परंतु पंप असतो. दोन पंप संपले की विसावा, असे माप ठरविणे कोणत्याही शेतमालकास कठीण नाही.

घाम आणि विष

घामाचा विचार करण्याचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते पहिल्याहून गंभीर आहे. फवारणीचे विष मुख्यतः नाकावाटे शरीरात जाते अशी समजूत असल्याने नाकाला रुमाल बांधला की काम झाले असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः शेतातील फवारणीत अंगावर जितके औषध पडते त्या मानाने श्वासावाटे फारच थोडे जाते. विष शिरते ते मुख्यतः कातडीतून, आणि सर्व कातडी सारखी नसते. सन १९७१ मध्ये अमेरिकेत पॅराथिऑन ह्या औषधाविषयी (भारतात त्यावर आता बंदी आहे) माणसांवर मोजमाप करण्यात आले. कोपर ते मनगट ह्या भागावर लावलेल्या औषधाचा सुमारे ९ टक्के अंश शरीरात गेला. पोटाच्या कातडीतून १८ टक्के, डोक्याच्या कातडीतून ३२ टक्के, कपाळातून ३६ टक्के आणि काखेतून ६४ टक्के अंश आत शिरला. अंडकोशाच्या पातळ कातडीतून तर जवळजवळ सर्वच औषध आत गेले.

ज्या जागी घाम अधिक येतो आणि कपडा भिजून चिकटून राहतो, त्यांतील कित्येक जागा विषास सर्वांत सैल आहेत, हे ह्या आकड्यांवरून दिसून येईल. त्यात उष्णतेची भर पडते. ह्याच औषधाविषयी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्वयंसेवकांच्या हातांवर भुकटी लावून त्यांना निरनिराळ्या तापमानांत बसविण्यात आले. सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानात शरीरात गेलेल्या विषाचे प्रमाण सर्वांत जास्त भरले. तापलेल्या, ओलसर कातडीखाली रक्त जोराने वाहत असते आणि कातडी मऊ पडलेली असते, हे त्याचे कारण.

म्हणून औषध लागलेल्या हाताने अथवा उपरण्याने कपाळावरचा घाम पुसणे ही फवारणीतील अगदी साधी दिसणारी परंतु घातक सवय आहे. मजूर दिवसातून शंभरदा ती क्रिया करतो आणि प्रत्येक वेळी हातावरचे विष चौपट शोषणाऱ्या जागी नेऊन लावतो. नाकाला बांधलेला रुमालही असाच. घामाने व फवाऱ्याने तो भिजला की तोंडावर विषाची पट्टी बांधल्यासारखेच होते. घामाने थबथबलेल्या हातमोज्यात वरून औषध शिरले तर मोजा न घालणे बरे, असे म्हणण्याची पाळी येते.

कोणता पोशाख घ्यावा

फवारणीच्या दिवसात धोक्याची दोन कामे निरनिराळी असतात आणि त्यांचा पोशाखही निराळा असावा. पहिले काम मूळ औषध मोजून पाण्यात मिसळण्याचे. हे काही मिनिटांचे असते, परंतु औषध तीव्र असते. ह्या वेळी रबरी अथवा नायट्राइलचे हातमोजे, गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत येणारा प्लॅस्टिकचा ॲप्रन, डोळ्यांस चष्मा आणि पायांत गमबूट हवेतच. इतक्या थोड्या वेळात कोणी उकाड्याने घाबरा होत नाही. दुसरे काम प्रत्यक्ष फवारणीचे, जे कित्येक तास चालते. त्यास पूर्ण प्लॅस्टिकचा पोशाख आपल्या हवामानात चालणार नाही, आणि तो घालण्याचा आग्रह धरून शेवटी उघड्या अंगाने फवारणी होऊ देण्यापेक्षा मध्यम मार्ग पत्करणे शहाणपणाचे होय. फवारणीच्या कपड्यांचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २७०६५, त्यातही धोक्याच्या मानाने कपड्यांच्या तीन पातळ्या केलेल्या आहेत. सर्व कामांस एकच अभेद्य कपडा लागतो असे तेही मानत नाही.

घट्ट विणीच्या जाड कापडाचा, पूर्ण बाह्यांचा, अंगाला सैल असा सदरा आणि तशीच विजार घ्यावी. सैल कपड्यात चालताना भात्याप्रमाणे हवा आतबाहेर होते व घाम वाळण्यास मदत होते. आत सुती बनियन अवश्य असावे. बनियनाने अधिक उकडेल असे वाटते, परंतु ते घाम टिपून पसरविते आणि वरचा भिजलेला सदरा कातडीस चिकटू देत नाही. ते रोज धुतलेलेच असावे.

प्लॅस्टिक कोठे हवे आणि कोठे नको, हे ठरविण्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी गावात एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. कधीही औषधासाठी न वापरलेला पंप घ्यावा, त्यात कपड्यांस घालावयाची नीळ मिसळलेले पाणी भरावे आणि पांढरे जुने कपडे घातलेल्या माणसाने नेहमीच्या पद्धतीने एक पंप मारावा. कपड्यांवर उमटलेले निळे डाग सर्वांना दिसतील. बुटक्या पिकात मांड्यांचा व नडग्यांचा पुढचा भाग सर्वांत अधिक भिजतो, कारण माणूस आपणच फवारलेल्या ओल्या पानांतून पुढे चालतो. पंप गळका असेल तर पाठ आणि कंबर निळी होते. उंच कपाशीत छाती, खांदे आणि डोके रंगते. जेथे डाग दाट पडतील तेथेच प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा. मांड्यांपुढे अर्धा ॲप्रन आणि पंपाखाली पाठीवर एक चौकोनी तुकडा एवढे पुष्कळदा पुरते, आणि बाकीचे अंग वाळण्यास मोकळे राहते. पंपाचा वायसर बदलून गळती थांबविणे हा मात्र पाठीसाठी कोणत्याही कपड्याहून चांगला उपाय आहे.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हातमोजे कोपर ते मनगट ह्यांच्या अर्ध्यापर्यंत पोचणारे असावेत अशी अट घातली, ती योग्यच होती. फवारा खाली मारावयाचा असेल तर सदऱ्याची बाही मोज्यावर ओढून घ्यावी. वर मारावयाचा असेल तर बाही मोज्याच्या आत खोचावी, म्हणजे ओघळ आत शिरणार नाही. कापडी अथवा चामड्याचे मोजे वापरू नयेत. विसाव्याच्या वेळी मोजे प्रथम बाहेरून साबणाने धुवावेत, मग काढावेत, आणि हात धुऊन कोरडे झाल्यावरच पुन्हा घालावेत. विजारीचे पाय बुटाच्या बाहेर सोडावेत. काळ्या चिकण रानात गमबूट जड होतात ही तक्रार खरी आहे. अशा ठिकाणी पावसानंतर एक-दोन दिवस वाफसा येईपर्यंत थांबणे पिकासही चांगले असते.

डोक्यास फेटा अथवा कापडी टोपी नको, कारण ती घामाबरोबर विषही धरून ठेवते. रुंद कडेची, धुता येण्याजोगी व हवा खेळणारी प्लॅस्टिकची टोपी घ्यावी. तिच्याखाली कपाळाभोवती स्वच्छ सुती पट्टी बांधावी व प्रत्येक विसाव्यास बदलावी, म्हणजे घाम डोळ्यांत उतरत नाही आणि तो पुसण्यास हात वर जात नाही. चष्म्यावर वाफ धरत असेल तर तोंडापुढे पारदर्शक पडदा अधिक सोयीचा पडतो.

केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बंगळूर येथील संस्थेने विकसित केलेला ‘किसान कवच’ नावाचा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये प्रसृत करण्यात आला. त्याचे कापड सुती असून त्यावर केलेल्या रासायनिक प्रक्रियेमुळे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषध कापडावर पडताच निकामी होते. कापड कोंडले जात नसल्याने घामाच्या दृष्टीने ही दिशा आशादायक वाटते. आरंभीची किंमत सुमारे चार हजार रुपये होती. रोजंदारीच्या मजुराने एवढे पैसे घालावेत ही अपेक्षा व्यर्थ आहे. तो खर्च ज्याचे शेत फवारले जाते त्याचा.

स्त्रियांचा उल्लेख अशा लेखांतून सहसा नसतो. पंप भरण्यास पाणी आणून देणाऱ्या आणि फवारलेल्या शेतात त्याच दिवशी निंदणीस जाणाऱ्या स्त्रियांची पातळे गुडघ्यापर्यंत ओली होतात व दिवसभर ओलीच राहतात. पाणी ओतणारीसही ॲप्रन आणि हातमोजे दिलेच पाहिजेत, आणि फवारा वाळेपर्यंत व डब्यावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या शेतात निंदणी लावू नये.

कामाची आखणी

सकाळी दव उतरताच काम सुरू करून ऊन तापण्यापूर्वी थांबावे. प्यावयाचे पाणी झाकलेल्या भांड्यात, फवारणीच्या जागेपासून दूर वाऱ्याच्या वरच्या अंगास ठेवावे. हात व तोंड साबणाने धुऊन दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. विसाव्यास ताक अथवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घेतल्यास गेलेले मीठ भरून निघते. हात व बाहू धुऊन झाल्यावर थोडा वेळ थंड पाण्यात ठेवावेत. हंगामातील पहिल्या दिवशी नव्या माणसास पूर्ण दिवसाचे काम देऊ नये. अंगाला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. सवय झालेल्या माणसास घाम लवकर येतो, भरपूर येतो आणि त्यातून मीठ कमी जाते.

घाम उन्हाचा की विषाचा

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त व कार्बामेट वर्गातील औषधांच्या विषबाधेचे एक लक्षण म्हणजे भरपूर घाम सुटणे. उन्हाने थकलेल्या माणसासही घाम येतो, डोके दुखते, मळमळते व अशक्तपणा वाटतो. त्यामुळे “ऊन लागले, थोडा पडून राहा” असे सांगून माणसास झाडाखाली निजविले जाते आणि मोलाचे तास निघून जातात. फरक पाहण्याच्या जागा थोड्या आहेत. उन्हाने थकलेल्याचे तोंड कोरडे पडते व नाडी जलद चालते. ह्या विषाची बाधा झालेल्याच्या तोंडातून लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, उलट्या-जुलाब होऊ शकतात, नाडी मंद होऊ शकते आणि डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. बाहुल्या बारीक नाहीत म्हणून विषबाधा नाही असे मात्र समजू नये, कारण इतर वर्गांतील औषधांची लक्षणे निराळी असतात.

निर्णय होत नसेल तर वाद घालत बसू नये. दोन्ही प्रसंगी पहिले उपाय एकच आहेत. माणसास फवारणीच्या जागेपासून दूर सावलीत न्यावे, भिजलेले सर्व कपडे उतरवावेत आणि केसांसकट सर्व अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. ह्याने ताप उतरतो आणि विषही निघते. हे करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता कुशीवर निजवावे. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा अथवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावी.

दिवसाचे काम संपल्यावर फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत ते एकदा साध्या पाण्यातून काढावेत, नंतर गरम पाण्याने व साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. मूळ औषध सांडून भिजलेला कपडा धुण्याच्या भानगडीत न पडता टाकूनच द्यावा. विषबाधेतून बरा होऊन घरी आलेल्या मजुराच्या रक्तातील बिघडलेले द्रव्य पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि त्या काळात थोडेसे औषधही त्यास भारी पडते. डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्यास फवारणीस अथवा ताज्या फवारलेल्या शेतात पाठवू नये. दुसरे काम द्यावे.